गोठा, घर आणि पाणी: तिघांची नोंद एकाच वहीत

माझ्या बहिणीचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा, नांदेड जिल्ह्यात, कंधारच्या पलीकडं. काही वर्षांपूर्वी तिथली एक लाल कंधारी गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे गर्भ पडला, आणि जार (वार) अडकला, म्हणून मला बोलावणं आलं. मी तेव्हा पशुधन पर्यवेक्षक होतो. गाय तपासली, औषध दिलं, ओसरीवर बसून चहा घेतला. आतल्या खोलीत दाजी दोन गोधड्या अंगावर घेऊन पडले होते. बहीण म्हणाली, "महिना झाला दादा, ताप काही उतरंना. दिवस मावळला की चढतो अन् पहाटं घामानं गोधडी पिळून घ्यावी लागते." मी म्हणालो, "मलेरिया-बिलेरिया असंल, तालुक्याला दाखवा," आणि गाडीला किक मारली.

तालुक्याला टायफॉइडची औषधं झाली. मग शहरातल्या एका दवाखान्यात कंबरेचा एमआरआय झाला, कारण दाजींना उठता-बसता येईना. शेवटी एका तरुण डॉक्टरणीनं विचारलं, "काका, घरी जनावरं आहेत का? त्यातलं कुणी गाभडलंय का?" तेव्हा उलगडा झाला. माझ्या भेटीच्या दोन महिने आधी दुसरी एक गाय गाभडली होती आणि तिचा जार दाजींनी उघड्या हातानं ओढून काढला होता. रक्ताची तपासणी झाली, ब्रुसेला निघाला, जनावराकडून माणसाला लागणारा जंतू.

तो प्रश्न मी विचारायला हवा होता. गाय माझ्यासमोर, माणूस भिंतीपलीकडं. पण माणसांचा डॉक्टर गोठ्यात येत नाही, आम्ही जनावरांची माणसं ओसरीच्या आत बघत नाही, आणि पाणी तर तिसऱ्याच खात्याचं. ही खाती जोडायच्या कामाला आता 'वन हेल्थ' म्हणतात. नागपूरला त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर 2022 मध्ये झाली. ते होईल तेव्हा होईल. आपल्या घरापुरतं जोडायचं काम आपल्यालाच करावं लागतं, आणि ते कसं करायचं ते मी इथं लिहितोय.

पहिलं काम: वही

शंभर पानी वही घ्या. एका बाजूला जनावरं. प्रत्येकाच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, वय, कोणती लस कधी दिली. दुसऱ्या बाजूला घरातली माणसं, आणि सालगडी असेल तर त्याचं कुटुंबही. तो गोठ्यात तुमच्यापेक्षा जास्त वेळ असतो आणि त्याच्या तापाची खबर सगळ्यात उशिरा लागते.

लिहायचं फार नाही. जनावर गाभडलं, मेलं, आटलं, त्याला औषध दिलं, माणसाला तीन दिवसांपेक्षा जास्त ताप आला, कुत्रं चावलं, पाण्याचा रंग-वास बदलला. तारीख टाकायची आणि एक ओळ. दाजींच्या घरी अशी वही असती तर गाभडल्याची तारीख आणि तापाची तारीख समोरासमोर दिसली असती आणि चार महिने वाचले असते.

जनावर गाभडलं तर

हा भाग मी लांबवणार आहे, कारण मराठवाड्यात घरोघरी चूक होते ती इथंच.

गाय-म्हैस पाच महिन्यांनंतर गाभडली की ब्रुसेलोसिसचा संशय धरायचाच, तपासणीत दुसरं काही निघेपर्यंत. आमच्या पुस्तकात त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. फसगत अशी होते की बहुतेक गाई एकदाच गाभडतात, पुढच्या वेळी पूर्ण दिवसांचं वासरू देतात, आणि मालकाला वाटतं, निभावलं. पण जंतू कासेत आणि गर्भाशयात दबा धरून राहतात; दुधातून आणि जारातून बाहेर पडत राहतात.

त्या वेळी करायचं ते असं. आधी घरातल्या गरोदर बाईला आणि लेकरांना गोठ्याबाहेर काढा. हातमोजे नसतील तर दोन्ही हातांवर कोपरापर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून दोरीनं बांधा. नाका-तोंडाला उपरणं गुंडाळा. वाळलेल्या घाणीची धूळ श्वासातून गेली तरी लागण होते. अडकलेला जार ओढायचा नाही. ते काम दवाखान्याचं, आणि ओढल्यानं गाईचंही नुकसान होतं. पडलेलं वासरू, जार आणि खालचा भिजलेला पाचोळा चार-पाच फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर काटे आणि दगड. जागेवर चुना किंवा फिनेल. मग साबणानं हात.

आपल्याकडं जार पेंढ्यात बांधून वडाला टांगायची रीत आहे. चिकाचं झाड, म्हणजे गाईला दूध येतं अशी समजूत. मला त्या रीतीचा राग नाही, कुत्र्यांच्या तोंडापासून जार लांब राहतो एवढा शहाणपणा तिच्यात आहे. पण गाभडलेल्या गाईचा जार टांगायचा नाही. तो जमिनीतच गेला पाहिजे.

त्यानंतर गाईच्या रक्ताची तपासणी. नमुना आमचे लोक घेतात. 1962 या नंबरला फोन केला तर फिरता दवाखाना येतो. गाय आजारी निघाली तर तिला वेगळं बांधा आणि बाजार दाखवू नका. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या जत्रेत नेऊन तिला काढून टाकायचा मोह होतो, ठाऊक आहे. पण मग तुमचा आजार दुसऱ्याच्या दावणीला जातो आणि वर्षा-दोन वर्षांत सोयरिकीच्या गावातून फिरून येतो.

यावर लस आहे. 2019 पासून लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेला यांच्यासाठी केंद्राची मोठी मोहीम चालू आहे. ब्रुसेलाची लस फक्त कालवडी आणि पारड्यांना, वयाच्या 4 ते 8 महिन्यांत, आयुष्यात एकदाच. गाभणीला द्यायची नाही, गोऱ्ह्याला द्यायची नाही. ही जिवंत जंतूंची लस आहे, म्हणून ती टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर लगेच डॉक्टरकडं जायचं. वय उलटून गेलं की संधी गेली, त्यामुळं वासरू जन्मलं त्याच दिवशी वहीत चौथ्या महिन्याची तारीख लिहून ठेवा.

आणि माणसाला लागण झालीच तर औषध किमान सहा आठवडे, दोन गोळ्या-इंजेक्शनांची जोडी. ताप दहाव्या दिवशी उतरतो आणि दाजींसारखा माणूस म्हणतो, आता कशाला. तिथं सोडलं की आजार उलटतो आणि मणक्यात, सांध्यांत, पुरुषाच्या वृषणात जाऊन बसतो.

दूध

धारोष्ण दुधाचं कौतुक आपल्या घराघरांत आहे. कौतुक राहू द्या, दूध उकळा. उतू जायला आलं की गॅस कमी करून, ढवळत आणखी काही मिनिटं. ताक-लोणीही उकळलेल्या दुधाच्याच विरजणाचं. डेंग्यूच्या दिवसांत शेळीच्या कच्च्या दुधाला भाव येतो. पेशी वाढतात म्हणून लोक दवाखान्यातल्या पेशंटला ग्लासनं पाजतात. शेळ्या-मेंढ्यांचा ब्रुसेला गाईच्यापेक्षा माणसाला जास्त जाचतो. म्हणजे डेंग्यूतून उठलेला माणूस दुसऱ्या तापात पडायची सोय आपणच करतो.

पण उकळून सगळं जात नाही, आणि दोन गोष्टी फार कमी लोकांना माहीत असतात.

एक म्हणजे औषधाचा अंश. कासेला दगडी (कासेची सूज) झाली की कासेत ट्यूब आणि वर इंजेक्शन. ते औषध काही दिवस दुधात उतरतं आणि उकळून बहुतेक वेळा जात नाही. बाटलीवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर आपल्या देशातल्या नियमानं दूध आणि अंड्यांना किमान 7 दिवस, मांसाला किमान 28 दिवस. तेवढे दिवस ते दूध डेअरीला नाही, घरात नाही, वासरालाही नाही. शेवटचा डोस कधी आणि दूध कधी चालू, या दोन तारखा वहीत हव्यातच. अंश पोटात जात राहिले की जंतू औषधाला सरावतात, आणि मग त्याच जातीचं औषध माणसाला दिलं तर चालत नाही. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध कोंबड्यांच्या खाद्यातून जात होतं. 2019 मध्ये त्यावर बंदी आली ती याच कारणानं. मेडिकलवाल्याला विचारून आणलेलं इंजेक्शन सालगड्याकडून टोचून घेणं, दोन दिवसांत फरक पडला की बाकीची बाटली कोनाड्यात ठेवणं, हे बंद करा.

दुसरी गोष्ट बुरशी. कडबा काढणीला आला की अवकाळी पाऊस ठरलेला. भिजलेली गंजी आतून तापते, काळी पडते. मालक म्हणतो, जनावर खातंय ना? खातं. बुरशीचं अफलाटॉक्सिन यकृतातून जाऊन दुधात उतरतं आणि उकळल्यानं ते मरत नाही, कारण तो जंतू नाही, विष आहे. सर्वांत जास्त भीती सरकी पेंड, शेंगदाणा पेंड आणि मका यांची. गंजी दगड-लाकडाच्या थरावर रचा, पोती भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पेंडेला कुबट वास आला, गोळे झाले, तर दुभत्या जनावराला द्यायची नाही. उन्हात वाळवून विष जात नाही, फक्त वास जातो.

याच्या उलट भीतीही नको. 2022 ला लम्पी आली तेव्हा किती घरांनी दूध बंद केलं! लम्पी माणसाला होत नाही. पण म्हशीच्या सडावर देवीचे फोड आले की धार काढणाराच्या बोटांवर उठतात, आणि शेळ्यांच्या तोंडाचा मावाही हाताला लागतो. अशा वेळी मोजे घालून धार काढा, आजारी जनावराची सगळ्यात शेवटी.

कुत्रं, मढं आणि गिधाड

मी लहान असताना गावाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडं उतरायची. आम्ही पोरं लांबून बघायचो. दोन-तीन तासांत सापळा उरायचा. 1990 च्या दशकात ती संपत आली आणि कुणाला कारण कळेना. 2004 मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून ते सापडलं: जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक. ते टोचल्यावर मेलेल्या जनावराचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. 2006 ला भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांच्या नावाखाली मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शन 3 मिलिच्या एका डोसापुरतं केलं. 2023 मध्ये जनावरांसाठी किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झालं. खरं सांगायचं तर बंदीआधी मी स्वतः ते औषध किती जनावरांना दिलं असेल याचा हिशेब नाही.

गिधाडं गेली, मढी ओढ्यात तशीच पडू लागली, त्यावर कुत्री वाढली. रेबीजची वाट तिथून घराकडं येते. म्हणून पहिली गोष्ट, जनावराच्या तापा-सुजेला मेलॉक्सिकॅम मागा. ते गिधाडाला सोसतं. दुसरी गोष्ट, मढं ओढ्यात टाकू नका. विहीर-बोअरपासून लांब, उंचावर सहा फूट खड्डा, वर चुना.

मढं पुरण्याआधी एकदा नीट बघा. धडधाकट जनावर अचानक मेलं, पोट भराभर फुगलं, नाकातून-गुदद्वारातून डांबरासारखं काळं रक्त आलं आणि ते गोठत नाही, तर ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते. हात लावायचा नाही, कातडं काढायचं नाही, चिरायचं तर मुळीच नाही. आतल्या जंतूंना हवा लागली की ते कवच करतात आणि मातीत कित्येक दशकं टिकतात. दवाखान्याला कळवा, कानाच्या शिरेतलं एक थेंब रक्त तपासणीला पुरतं. "वाया कशाला घालवायचं" म्हणून मटण वाटून घेणारी गावं असतात, आणि मग हातावर काळ्या खपलीचे फोड घेऊन तीच माणसं दवाखान्यात येतात.

कुत्रं चावलं तर: वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मोटार चालू असेल तर तिच्या नळीखाली धरा. चुना, तिखट, हळद, तंबाखू काही नाही, पट्टी बांधायची नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. कातडीतली लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी; जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत भरायचं सीरमही लागतं. ते सहसा मोठ्या सरकारी दवाखान्यातच असतं, तेव्हा तिथवर जा. चौथा डोस बहुतेक जण विसरतात. 28 वा दिवस वहीत लिहा.

एक प्रसंग प्रत्येक पशुवैद्यकाच्या वाट्याला येतो. म्हैस लाळ गाळते, चारा-पाणी सोडते, घशात काही अडकल्यासारखं करते, आवाज बदलतो. मालक बाही वर करून घशात हात घालायला निघतो, मक्याचं कणीस अडकलं असंल म्हणून. थांबा. आधी आठवा, गेल्या काही आठवड्यांत तिला कुत्रं चावलं होतं का? रेबीज झालेल्या जनावरांत असंच दिसतं आणि तो हात माणसाचा जीव घेऊ शकतो. अशी म्हैस मेली की तिचं दूध प्यालेलं गाव लशीच्या रांगेत उभं राहतं. उकळलेल्या दुधाला भ्यायचं कारण नाही. ज्याचा हात लाळेत गेला त्यानं मात्र रांगेत पहिलं उभं राहावं. जनावराला कुत्रं चावलं तर त्यालाही पहिल्याच दिवसापासून लशींची मालिका असते.

कंदोरी असो की जत्रेतलं बोकड, कापताना यकृतात-फुफ्फुसात पाण्याच्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो तुकडा कुत्र्याला फेकू नका. त्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी होतात, त्याच्या विष्ठेतून अंडी अंगणात, आणि लेकराच्या हातातून पोटात. मग तशीच गाठ माणसाच्या यकृतात वाढते. पुरा किंवा जाळा. पाळलेल्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताची गोळी आणि दरवर्षी रेबीजची लस.

गोचीड

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला आपण बैलाला हात लावतोच. तोच हात कानामागं, शेपटीच्या बुडाशी, कासेच्या सांदीत फिरवा. सापडलेले गोचीड नखांवर फोडू नका. रॉकेल किंवा साबणाच्या पाण्यात टाका. क्रायमियन-काँगो हा रक्तस्रावाचा ताप गोचिडांमुळं पसरतो. भारतात तो पहिल्यांदा 2011 ला गुजरातेत पक्का झाला. अंगावर औषध मारून अर्धंच काम होतं. मादी अंडी घालते ती गोठ्याच्या भेगांत. भेगा बुजवा, चुन्याचा गिलावा करा, कोंबड्या मोकळ्या सोडा.

पाणी आणि उकिरडा

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. खाली फुटका काळा पाषाण. मृगाच्या पहिल्या पावसात उकिरड्याचा अर्क त्या भेगांतून सरळ बोअरला भेटतो. म्हणून उकिरडा विहीर-बोअरच्या उताराच्या खालच्या अंगाला आणि किमान पन्नास फूट लांब. खालून फरशी किंवा ताडपत्री असेल तर आणखी बरं. खतही सकस राहतं.

जंतूंना टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या प्रतीची पावडर असेल तर हजार लिटरला अडीच ग्रॅम, अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची), पाणी पिवळं झालं पाहिजे. ग्रामपंचायतीच्या खोलीत तोंड उघडं पडलेल्या पोत्यातली पावडर निम्मी मेलेली असते, हे माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण. पण नायट्रेट टीसीएलनं जात नाही आणि उकळल्यानं तर वाढतं, कारण पाणी आटतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्याच्या वर असेल तर तान्ह्या लेकराच्या दुधात ते पाणी घालू नका, ओठ निळे पडतात. खोल बोअरला फ्लोराइड असतं, 1.5 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, नमुना पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पाठवा आणि उत्तर वहीत डकवा. घरात एकाच वेळी लेकरांच्या दातांवर आणि वासरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर आधी बोअर तपासा.

जनावरांचा हौद आणि माणसांचा हौद वेगळा. दुष्काळात हे अवघड होतं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा टँकरचं एकच पिंप सगळ्यांना होतं. तरी बुडवायचं भांडं वेगळं ठेवता येतं. सांडपाण्याला शोषखड्डा, नांदेडातल्या टेंभुर्णीनं गटारं न बांधता घराघरात ते खड्डे केले आणि डासांचा उपद्रव संपवला.

दुष्काळाचीच आणखी एक गोष्ट. पावसानं ओढ दिली की कोवळ्या ज्वारीत विष साठतं. उपाशी जनावर त्यात घुसलं की किराळ (त्या विषाची बाधा) लागते आणि ते घटकाभरात मरतं. गुडघ्याखालची, मलूल झालेली ज्वारी चारू नका.

ऊसतोडीला जाताना

बीडकडून दसरा-दिवाळीनंतर बैलगाड्या निघतात. सहा महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत. बैल, माणूस, लेकरू, कुत्रं आणि चूल दहा हातांच्या आत, पाणी कॅनॉलचं. निघायच्या तीन आठवडे आधी बैलांना लाळ्या-खुरकुताची लस द्या, म्हणजे तिला काम करायला वेळ मिळतो. सोबतच्या कुत्र्याला रेबीजची. लेकरांच्या लशीचं कार्ड आणि ही वही एकाच पिशवीत. बैल कोपीच्या उताराच्या खालच्या बाजूला बांधा, मूत आत येता कामा नये.

डॉक्टरपुढं काय बोलायचं

गर्दीत दोन मिनिटं मिळतात. विचारायची वाट न बघता सांगा: "घरी इतकी जनावरं आहेत, अमुक तारखेला गाय गाभडली, जार मी काढला, ताप त्यानंतर तीन आठवड्यांनी आला." आणि आमच्याकडं आलात तर उलटं सांगा: "घरातलं माणूस महिनाभर तापानं पडलंय." ग्रामसभेत पशुधन पर्यवेक्षक आणि आशाताई दोघांनाही बोलवायचा ठराव मांडा. पुढच्या महिन्यात किती जनावरं गाभडली आणि किती जणांना लांबलेला ताप आला, हे दोन आकडे एकाच फळ्यावर लिहायला सांगा. पैसा लागत नाही.

वही गोठ्यात ठेवू नका, उंदीर खातात. बहिणीच्या घरी ती पिठाच्या डब्यावर असते. मागच्या खेपेला चाळली तर दाजींच्या वाकड्या अक्षरात एकाखाली एक लिहिलं होतं: "तांबडी कालवड लस झाली. नातवाला कुत्रं, चौथं इंजेक्शन सोमवारी." त्याखाली बहिणीनं पेन्सिलीनं भर घातली होती, "बोअरच्या पाण्याचा नमुना द्यायचा राहिला."